अर्धा टक्का आणि आठ टक्के : अँड्र्यू व्होलस्टेड यांचे दोन कायदे

अमेरिकेतल्या दारूबंदीबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-चार पानांतच ‘व्होलस्टेड ॲक्ट’ हे नाव येतं. त्या नावामागच्या माणसाविषयी मात्र पुढे फारसं काही हाती लागत नाही. त्यामुळे कुणी त्यांना धर्मवेडा सुधारक समजतं, कुणी दारूबंदी चळवळीचा पुढारी. अँड्र्यू जॉन व्होलस्टेड हे मिनेसोटा राज्यातल्या एका लहान गावचे वकील होते. वीस वर्षं ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बसले आणि वकिलाच्या सवयीनं, कलमाला कलम जोडत कायदे लिहीत राहिले. त्यांच्या नावाचे दोन मोठे कायदे तीन वर्षांच्या आत आले. एक चौदा वर्षांत निकालात निघाला. दुसरा शंभर वर्षं उलटली तरी लागू आहे. असं का झालं, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्या कलमांतच सापडतं, म्हणून ती जरा सावकाश वाचायला हवीत.

आधी माणूस. जन्म ३१ ऑक्टोबर १८६०, मिनेसोटातल्या केनियन गावाजवळ. आईवडील नॉर्वेहून आलेले. शिक्षण सेंट ओलाफ शाळेत आणि नंतर आयोवातल्या डेकोरा इन्स्टिट्यूटमध्ये. १८८३ मध्ये वकिलीची सनद मिळाली आणि १८८६ मध्ये ते मिनेसोटा नदीकाठच्या ग्रॅनाइट फॉल्सला स्थायिक झाले. गाव यलो मेडिसिन काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. तिथे त्यांनी बरीच वर्षं काउंटीचे सरकारी वकील म्हणून काम केलं, १९०० ते १९०२ नगराध्यक्ष होते, आणि १९०२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधीगृहावर निवडून आले. प्रतिनिधीगृहाची मुदत दोनच वर्षांची असते. मार्च १९०३ ते मार्च १९२३ अशा सलग दहा मुदती त्यांनी काढल्या.

पहिली पंधरा-सोळा वर्षं देशभर नाव व्हावं असं त्यांनी काही केलं नाही. त्यांच्या कामाची पद्धत कळायला १९०८ चा एक कायदा मात्र उपयोगी आहे. मिनेसोटाच्या उत्तर भागात मैलोन्‌मैल दलदल होती. पाणी काढायला चर खणायचे, त्याचा खर्च ज्या जमिनींना फायदा होईल त्यांच्यावर विभागून बसवायचा, अशी राज्याच्या कायद्यात सोय होती. पण मधे मधे केंद्र सरकारच्या जमिनी होत्या आणि त्यांच्यावर हा आकार बसवता येत नसे. म्हणजे चर सरकारी जमिनीतून जाणार, फायदा तिलाही होणार, आणि पैसे शेजारचा शेतकरी भरणार. व्होलस्टेड यांच्या कायद्यानं त्या सरकारी जमिनीही राज्याच्या निचरा आकाराखाली आणल्या. कायदा म्हणून नीटनेटका. पण चर खणून झाल्यावर कळलं की तिथली बरीचशी माती पीटची, पिकाला नालायक. वसाहतदार जमिनी सोडून गेले, आकार थकला आणि चरांसाठी काढलेल्या रोख्यांचं कर्ज काउंट्यांच्या डोक्यावर बसलं. शेवटी १९२९ मध्ये राज्य सरकारला रेड लेक भागात त्यात हात घालावा लागला. कायद्याची वीण पक्की असली तरी खालची जमीनच तशी नसेल तर काय होतं, हे व्होलस्टेड यांच्या कारकिर्दीत पुन्हा दिसणार होतं.

१९१८ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना प्रतिनिधीगृहात बहुमत मिळालं आणि १९१९ मध्ये व्होलस्टेड न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. दारूबंदीचं काम त्यांच्याकडे आलं ते या खुर्चीमुळे. अठरावी घटनादुरुस्ती १६ जानेवारी १९१९ रोजी पुरेशा राज्यांनी मान्य केली होती आणि एका वर्षानं ती अमलात येणार होती. तिनं ‘मादक पेयां’चं उत्पादन, विक्री, वाहतूक, आयात आणि निर्यात बंद केली, पण मादक पेय कशाला म्हणायचं हे सांगितलं नाही. शिक्षा किती, तपास कुणी करायचा, औषधी आणि औद्योगिक अल्कोहोलचं काय, हेही नाही. ते सगळं कायद्यानं भरायचं होतं आणि हातात वर्षभराचाही वेळ नव्हता. मसुद्यात दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लढणाऱ्या अँटी-सलून लीगचे वकील वेन व्हीलर यांचा वाटा किती आणि व्होलस्टेड यांचा किती, यावर तेव्हापासून वाद आहे. व्हीलर श्रेय घेत, व्होलस्टेड ते मान्य करत नसत. समितीतून आणि सभागृहातून विधेयक पुढे नेलं ते व्होलस्टेड यांनी, एवढं नक्की.

कायद्याचे तीन भाग होते. पहिला युद्धकालीन दारूबंदीच्या अंमलबजावणीचा, कारण पहिलं महायुद्ध थांबलं तरी तो आधीचा कायदा अजून चालू होता. दुसरा घटनादुरुस्तीखालच्या कायमच्या दारूबंदीचा. तिसरा औद्योगिक अल्कोहोलचा. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक व्याख्या : आकारमानानं अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असलेलं, पिण्याजोगं कुठलंही पेय म्हणजे मादक पेय.

हा अर्धा टक्का कुठून आला, ते समजून घेतलं पाहिजे. तो जुना करवसुलीतला आकडा होता. आंबवलेल्या पेयावर कर कधी लावायचा हे ठरवायला महसूल खातं तो वापरत असे. अर्ध्या टक्क्यानं माणसाला चढते, असा दावा त्यात कधीच नव्हता. बिअरवाल्यांचं म्हणणं होतं की पावणेतीन टक्क्यांची बिअर मादक नाही, तिला मोकळीक द्या. व्होलस्टेड यांची बाजू सरकारी वकिलाची होती. ‘मादक’ या शब्दावर खटला उभा राहिला, तर प्रत्येक वेळी ज्यूरीपुढे सिद्ध करावं लागणार की या बाटलीतल्या पेयानं नशा येते. आरोपीचे दहा मित्र साक्ष देणार की येत नाही. आकडा ठरवून टाकला की प्रयोगशाळेत नमुना ऊर्ध्वपातित करायचा, टक्का मोजायचा, काम संपलं. खटला चालवायच्या दृष्टीनं हे बरोबर होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी १९२० मध्ये, रुपर्ट खटल्यात, युद्धकालीन कायद्याखालची अर्ध्या टक्क्याची मर्यादा उचलून धरली. पण निकाल पाचास चार असा काठावरचा होता. आणि घटनादुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या कित्येकांची समजूत अशी होती की व्हिस्की आणि दारूचे गुत्ते बंद होतील, बिअर आणि वाइन राहतील. त्या अर्ध्या टक्क्यानं हा मोठा मध्यममार्गी वर्ग पहिल्याच दिवशी कायद्याच्या विरोधात गेला. माझ्या मते या कायद्याचा ऱ्हास इथूनच सुरू झाला. पोलीस आणि गुंड यांच्या गोष्टी पुष्कळ नंतरच्या.

विधेयक प्रतिनिधीगृहानं जुलै १९१९ मध्ये मंजूर केलं, सिनेटनं सप्टेंबरमध्ये. अध्यक्ष विल्सन तेव्हा पक्षाघातानं अंथरुणाला खिळले होते. २७ ऑक्टोबरला त्यांच्या नावानं नकाराधिकाराचा संदेश आला, तो त्यांचे सचिव टमल्टी यांनी तयार केलेला. आक्षेप मुख्यतः युद्धकालीन भागावर होता : युद्ध संपलंय, मग ती बंदी कशाला? प्रतिनिधीगृहानं त्याच दिवशी १७५ विरुद्ध ५५ मतांनी नकाराधिकार धुडकावला. दुसऱ्या दिवशी सिनेटनं ६५ विरुद्ध २०. दोन-तृतीयांश मतं लागतात, ती आरामात मिळाली.

आता कायद्यात काय बंद नव्हतं ते पाहा. दारू पिणं हा गुन्हा नव्हता. बंदीपूर्वी कायदेशीरपणे घेऊन स्वतःच्या राहत्या घरात ठेवलेला साठा घरच्यांना आणि खऱ्या पाहुण्यांना पाजायला हरकत नव्हती. धार्मिक विधीची वाइन चालत होती. डॉक्टर व्हिस्की लिहून देऊ शकत, पण एका रुग्णाला दहा दिवसांत एक पाइंटपेक्षा, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी, त्याहून जास्त नाही, आणि एका चिठ्ठीवर एकदाच. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसऱ्याला दोनशे ते दोन हजार डॉलर दंड आणि महिना ते पाच वर्षं कैद. दारू वाहून नेणारी गाडी जप्त करून विकता येई आणि अड्ड्याला वर्षभरासाठी टाळं लावता येई.

या कायद्याला सगळ्यात मोठं भगदाड पडलं ते एकोणतिसाव्या कलमात. घरी वापरायला ‘मादक नसलेलं’ सायडर आणि फळांचा रस बनवायला त्यात सूट होती. सफरचंदं आणि द्राक्षं पिकवणाऱ्यांच्या सोयीची ही ओळ. पण इथे अर्धा टक्का लागू होतो, की प्रत्यक्षात नशा येते का हे बघायचं? मेरीलंडचे काँग्रेस सदस्य जॉन फिलिप हिल यांनी मुद्दाम बाल्टिमोरच्या घरी सायडर आणि वाइन बनवली, स्वतःवर खटला ओढवून घेतला आणि १९२४ मध्ये निर्दोष सुटले. घरच्या रसाला अर्ध्या टक्क्याचा आकडा लागत नाही, प्रत्यक्ष मादकता सिद्ध करावी लागते, असं ठरलं. म्हणजे ज्या ज्यूरीच्या कटकटीपासून सुटायला आकडा आणला, तीच कटकट मागच्या दारानं परत आली. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांची मागणी या काळात वाढली, ती यामुळेच.

कमी अल्कोहोलच्या बिअरचंही तसंच झालं. अर्ध्या टक्क्याखालची ‘निअर बिअर’ थेट बनत नाही. आधी खरीखुरी बिअर बनवायची, मग तापवून तिच्यातलं अल्कोहोल काढायचं. परवाना असलेल्या कारखान्यात त्यामुळे काही काळ पूर्ण ताकदीची बिअर टाकीत असणारच, आणि ती बाहेर न जाऊ देणं हे एखाद-दुसऱ्या निरीक्षकाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून. गेली नाही तरी ग्राहकापाशी पोचलेल्या निअर बिअरमध्ये पुन्हा अल्कोहोल घालायला किती वेळ लागतो? तिसऱ्या भागातल्या औद्योगिक अल्कोहोलचीही तीच गत. पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात इतर रसायनं मिसळत, आणि ती पुन्हा वेगळी काढणारे लोक निघाले. काही मिश्रणं विषारी होती आणि ती पिऊन माणसं मेली.

अंमलबजावणीच्या माणसांबाबतही कायदा चुकला. दारूबंदीचे अधिकारी नागरी सेवा परीक्षेच्या बाहेर ठेवले होते, म्हणजे नेमणुका पुढाऱ्यांच्या शिफारशीनं. एवढ्या मोठ्या देशाला सुरुवातीला सुमारे दीड हजार एजंट, पगार बेताचे, समोर लाचेचे ढीग. ही सूट १९२७ मध्ये काढली, तोवर खात्याची अब्रू गेली होती. १९२९ च्या जोन्स कायद्यानं पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंडापर्यंत शिक्षा वाढवली. उपयोग झाला नाही. मार्च १९३३ च्या कायद्यानं वजनानं ३.२ टक्क्यांपर्यंतची बिअर एप्रिलपासून मोकळी झाली. ५ डिसेंबरला एकविसाव्या घटनादुरुस्तीनं बंदीच संपली.

दुसऱ्या कायद्याची गोष्ट शेतातून सुरू होते, आणि व्होलस्टेड यांना ती जवळून माहीत होती. मिनेसोटातले शेतकरी दूध क्रीमरीला, म्हणजे लोणी काढणाऱ्या कारखान्याला, घालत आणि धान्य रेल्वेलगतच्या एलिव्हेटरला, म्हणजे त्या उंच कोठारांना. एकेकट्यानं विकलं तर भाव घेणाराच ठरवणार. एकत्र येऊन भाव ठरवला तर १८९० चा शर्मन कायदा आडवा येणार, कारण मक्तेदारीविरोधी कायद्याच्या नजरेत तो व्यापाऱ्यांच्या संगनमतासारखाच गुन्हा. शिकागोला दूध पुरवणाऱ्या उत्पादकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर १९१७ मध्ये खटला झालाच होता. ते सुटले, पण धडा सगळ्यांना मिळाला. १९१४ च्या क्लेटन कायद्यानं शेतकरी संघटनांना सूट दिली होती, पण भागभांडवल नसलेल्या आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांनाच. आणि क्रीमरी बांधायची, शीतगृह उभारायचं, तर पैसा भागांतूनच येणार. ज्या संस्थेकडे इमारत आणि यंत्रं आहेत तीच नेमकी सुटीबाहेर.

व्होलस्टेड यांनी प्रतिनिधीगृहात आणि कॅन्ससचे आर्थर कॅपर यांनी सिनेटमध्ये हे दुरुस्त करायला घेतलं. पहिल्या खेपेला दोन सभागृहांचं जमलं नाही. पुन्हा विधेयक आणावं लागलं आणि अध्यक्ष हार्डिंग यांनी १८ फेब्रुवारी १९२२ रोजी सही केली. कॅपर-व्होलस्टेड कायद्यात कलमं दोनच.

पहिलं कलम सांगतं की शेतकरी, मळेवाले, पशुपालक, दूध उत्पादक, कवचाची फळं व इतर फळं पिकवणारे, यांनी एकत्र येऊन आपल्या मालावर प्रक्रिया करावी, तो बाजारासाठी तयार करावा आणि विकावा. भागभांडवल असो वा नसो. अनेक संस्थांनी मिळून एक सामाईक विक्री संस्था ठेवली तरी चालेल. पण अटी आहेत. संस्था सभासदांच्या परस्पर हितासाठी चालली पाहिजे. शिवाय, एक : कुणाचे भाग कितीही असले तरी मत एकच. किंवा दोन : भागांवरचा लाभांश वर्षाला आठ टक्क्यांपेक्षा जास्त नको. या दोन्हींपैकी एक पाळली तरी पुरते. तिसरी मात्र सगळ्यांना सक्तीची : बिगरसभासदांच्या मालाचा व्यवहार सभासदांच्या मालापेक्षा जास्त नको, आणि हा हिशेब किमतीत करायचा, वजनात नाही. सभासदांकडून सहा लाख डॉलरचं दूध घेतलं असेल, तर बाहेरचं सहा लाखांपर्यंत चालतं, त्यापुढे सूट धोक्यात. कमी वजनाचा पण महागडा माल बाहेरून घेणाऱ्या संस्था इथे फसू शकतात.

दुसऱ्या कलमात लगाम आहे. संस्थेनं मक्तेदारी करून भाव अवाजवी चढवलाय असं कृषिमंत्र्यांना वाटलं, तर त्यांनी किमान तीस दिवसांची नोटीस द्यायची, सुनावणी घ्यायची आणि ‘हे थांबवा’ असा आदेश काढायचा. न पाळल्यास न्यायालय. आजवर एकाही कृषिमंत्र्यानं असा आदेश काढलेला नाही, आणि टीकाकारांचा या कायद्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे.

या अटी पाहिल्या की दोन कायद्यांतला फरक कळतो. एक सभासद एक मत आणि लाभांशाला कमाल मर्यादा, हे नियम सहकारी चळवळ आधीपासून पाळत आली होती. व्होलस्टेड यांनी लोक जे करत होतेच ते कलमात बसवलं. अर्धा टक्का मात्र कराच्या वहीतून उचलून लोकांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. कायदा येण्याच्या आठ महिने आधी, जून १९२१ मध्ये, मिनेसोटातल्या ३२० क्रीमरींनी एकत्र येऊन एक संघ काढला. पुढे तोच ‘लँड ओ’लेक्स’ म्हणून देशभर लोणी विकू लागला.

सहकार कायदा आला त्याच, १९२१-२२ च्या हिवाळ्यात व्होलस्टेड यांच्या समितीनं पुढे पाठवलेलं डायर यांचं झुंडबळीविरोधी विधेयकही प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं. कृष्णवर्णीयांच्या जमावहत्यांना केंद्रीय गुन्हा ठरवणारं हे विधेयक दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी लांबलचक भाषणं करून सिनेटमध्ये मारलं. व्होलस्टेड यांच्या चरित्रात ही नोंद सहसा सापडत नाही. ती असायला हवी.

आणि तरीही १९२२ मध्ये शेतकऱ्यांनीच त्यांना घरी पाठवलं. दोन वर्षं आधी, १९२० च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, बेन्सनचे ल्यूथरन पाद्री ओले क्वाले यांनी नॉनपार्टिझन लीग या शेतकऱ्यांच्या राजकीय संघटनेच्या पाठिंब्यावर त्यांना हरवलं होतं. पण क्वाले यांनी प्रचारात व्होलस्टेड यांना नास्तिक म्हटलं होतं. हा खोटा आरोप भ्रष्ट प्रचार कायद्याचा भंग ठरवून न्यायालयानं क्वाले यांची उमेदवारी रद्द केली. पक्षानं व्होलस्टेड यांना उभं केलं आणि ते निवडून आले. १९२२ मध्ये समोर पुन्हा क्वालेच होते, आणि न्यायालयाची ती मदत नव्हती. युद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले होते, कर्जं तशीच होती, आणि सत्तेत रिपब्लिकन होते. दारूबंदीमुळे व्होलस्टेड पडले असं सर्रास लिहिलं जातं, ते पटणारं नाही : क्वाले स्वतः दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. लोकांना कोठारं, गिरण्या, कर्ज यात सरकार उतरायला हवं होतं. नऊ महिन्यांपूर्वीच्या सहकार कायद्याची फळं तेवढ्यात कुणाच्या हाती पडणार?

पराभवानंतर ते सेंट पॉलला दारूबंदी खात्याच्या विभागीय कार्यालयात कायदा सल्लागार झाले आणि १९३३ मध्ये बंदी उठेपर्यंत तिथे होते. मग पुन्हा ग्रॅनाइट फॉल्स, पुन्हा वकिली. २० जानेवारी १९४७ रोजी ते वारले. त्यांच्या तिथल्या घराला पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तो सहकार कायद्यातल्या त्यांच्या कामासाठी.

कॅपर-व्होलस्टेडची सूट नेमकी कुठे तुटते, हे न्यायालयांनी नंतर एकेक करून ठरवलं. १९३९ च्या बोर्डन खटल्यात ठरलं की वितरक आणि कामगार संघटनेसारख्या बाहेरच्यांशी हातमिळवणी केली तर संरक्षण नाही. शिवाय कृषिमंत्री गप्प असले तरी सरकार खटला भरू शकतं. मेरीलंड आणि व्हर्जिनियाच्या दूध संघानं एक प्रतिस्पर्धी डेअरी स्पर्धा मारण्यासाठी विकत घेतली होती, १९६० च्या निकालानं तेही सुटीबाहेर गेलं. १९६७ मध्ये सनकिस्ट या संत्री-लिंबू उत्पादकांच्या संस्थेची सूट गेली, कारण तिच्या रचनेत सुमारे १५ टक्के वाटा फळं भरून पाठवणाऱ्या खासगी पॅकिंग हाउसेसचा होता. १९७८ मध्ये कोंबडी व्यवसायातल्या एका विक्री संघाचं प्रकरण आलं. त्यातले काही सभासद पिल्लं शेतकऱ्यांकडे वाढवायला देत आणि खाद्य पुरवत. त्यांचं म्हणणं होतं की धोका आम्हीही पत्करतो, म्हणून आम्ही शेतकरीच. न्यायालयानं १९२२ मध्ये हा कायदा कुणासाठी केला होता ते तपासलं. ज्याच्याकडे पैदाशीचा कळप नाही, हॅचरी नाही आणि पिल्लं वाढवायची शेडही नाही, तो या कायद्यापुरता शेतकरी नाही, असा निकाल दिला. असे सभासद आत असल्यामुळे उरलेल्यांसकट अख्ख्या संघाची सूट गेली.